हिला पाठ आहे की नाही?

मागच्या धाग्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची काही इंग्लिश फॅशनचित्रे दाखवली होती. त्याखाली एकीने विचारले होते, "ही चित्रे पाहून त्या बायका खरोखर कपडे शिवत असत का? की ही नुसती बघायची चित्रे?" प्रश्न साधा होता आणि मला उत्तर येत नव्हते. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात दोन वर्षे काढल्यावर हे कबूल करणे जिवावर येते. उत्तर पुस्तकांत शोधले, अर्धेच सापडले, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी कापड विकत घेतले. आजचा धागा त्या कापडाचा आहे. जरा लांब झाला आहे, सवडीने वाचा.

आधी काळ सांगते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य करण्यास असमर्थ ठरला, तेव्हा 1811 मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला 'रीजंट', म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमण्यात आले. 1820 मध्ये राजा वारला आणि रीजंट स्वतः चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. ही नऊ वर्षे म्हणजे काटेकोर अर्थाने रीजन्सी. पोशाखाचे अभ्यासक मात्र हा शब्द सैल हाताने वापरतात आणि 1790 च्या दशकापासूनचा काळ त्यात घालतात, कारण छातीच्या लगेच खाली आलेली कंबर आणि तिथून सरळ सुटणारा झगा ही ठेवण साधारण तेवढा काळ टिकली. आपल्या वाचकांना खूण म्हणून सांगायचे तर शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला तो नोव्हेंबर 1817 याच दशकातला.

त्या काळच्या फॅशनचित्रांचे सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचे रुडॉल्फ आकरमानचे दुकान. हा गृहस्थ मूळचा सॅक्सनीचा. आधी खोगिरांचे काम शिकलेला, पुढे घोडागाड्यांचे आराखडे काढणारा. जानेवारी 1809 पासून 1828 च्या अखेरीपर्यंत त्याने 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' हे मासिक चालवले. कविता, घरसामान, बाजार, राजकारण या सगळ्यांच्या सोबतीला दर अंकात साधारण दोन फॅशनचित्रे असत. ती धातूच्या पत्र्यावर कोरायची, छापायची, आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत शालीचा रंग वेगळा निघतो. रंगवणाऱ्या हातांची नावे मात्र चित्रावर नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत तर अंकात कापडाचे खरे तुकडे चिकटवून दिलेले असत, आणि काही प्रतींत ते आजही शाबूत आहेत. मी ते केवळ स्कॅनमध्ये पाहिले आहेत. पडद्यावरच्या कापडाला बोट लावून बघण्याचा वेडेपणा मी केलेला आहे, एवढे सांगून पुढे जाते.

1806 मध्ये सुरू झालेले 'ला बेल असांब्ले' हे दुसरे नावाजलेले मासिक. त्यातल्या कित्येक चित्रांखाली हा पोशाख मिसेस बेल यांच्या कल्पनेतला असल्याचे छापलेले असे, आणि या मिसेस बेल यांचे स्वतःचे कपड्यांचे दुकान होते. थोडक्यात, ज्याला आपण आज कौतुकाने कलेचा नमुना म्हणतो त्यातला बराच भाग जाहिरात होता. त्यामुळे चित्रातल्या बायका वाजवीपेक्षा उंच, त्यांची डोकी लहान, आणि झगा असा की त्याला बसल्यावर चुणी पडतच नसावी. चित्रासोबतच्या मजकुरात कापड, रंग, लेस, हातमोजे, पायताणे यांचे बारीक वर्णन सापडते. पण झगा कसा बेतायचा, याबद्दल अवाक्षर नसते.

याच चित्रांवर चर्चासत्रात निबंध वाचायचे मी ठरवले, तेव्हा एका प्राध्यापकांनी हसून विचारले होते, "आज कपडे. उद्या काय, स्वयंपाक?" स्वयंपाकाचाही इतिहास असतो, हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचले.

दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे साताऱ्याला गेले. माझ्या आजीने एकेचाळीस वर्षे घरी बसून गल्लीतल्या आणि गल्लीबाहेरच्या बायकांचे ब्लाउज शिवले. सुरुवातीला एका ब्लाउजमागे दोन रुपये. त्या पैशांतून माझ्या आईची आणि मामाची शाळा झाली. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच कुणी कधी बोलत नाही. आता तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. पायाचे शिवणयंत्र खिडकीखाली झाकून ठेवलेले असते आणि त्यावर तुळशीच्या मंजिऱ्या वाळत पडलेल्या असतात.

लॅपटॉपवर चित्र मोठे करून मी तिच्यापुढे धरले. 1811 सालचा, पांढऱ्या मलमलीचा, सकाळी घरात घालायचा पोशाख. बाई खुर्चीपाशी उभी आहे, तोंड किंचित वळवलेले आहे. आजीने चश्मा वर केला, खाली केला, पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "अगं, हिला पाठ आहे की नाही?"

"आजी, चित्र आहे ते."

"ते दिसतंय मला. पण अंगावरचं कापड पाठीवर बसतं, छातीवर नाही. पुढून काय, चुण्या कुणीही घालील."

माझ्या टिपणवहीची चाळीस पाने तोवर भरली होती. छपाईचे तंत्र होते, मासिकांचे खप होते, नेपोलियनच्या युद्धांमुळे फ्रेंच मालावर आलेली बंधने होती. 'पाठ' हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

आता ही पाठ जरा समजून घेऊ, कारण सगळे तिथेच आहे. रीजन्सी झग्याची पुढची बाजू खरोखरच सोपी असते. पुष्कळ झग्यांत ती निव्वळ नेफ्यात नाडी ओवून आवळलेली असते. पाठ मात्र अतिशय अरुंद असते. तिच्या मधल्या तुकड्याचा आकार पतंगासारखा निमुळता, खांद्याची शिवण खांद्यावर नसून मागे सरकलेली, आणि बाहीचा मुंढा पाठीत खोल शिरलेला. असा झगा घातला की खांदे आपोआप मागे जातात. चित्रांतल्या बायका ताठ उभ्या दिसतात त्याचे श्रेय आपण चित्रकाराला आणि संस्कारांना देतो. त्यातले निम्मे तरी शिवणीला द्यायला हवे.

हे मला पुस्तकातून कळले. आजीला चित्रातून कळले. तिने बाहीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "पुढं ओढ नाही बघ इथं. म्हणजे मुंढा मागं गेलाय. खांदा पण मागं घेतलाय त्यांनी." न दिसणारी पाठ तिने दिसणाऱ्या चुण्यांवरून वाचली.

धाग्याच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. 1811 मधली सुखवस्तू इंग्लिश स्त्री कापडवाल्याकडून वार मोजून कापड घेई आणि झगे शिवणाऱ्या बाईकडे नेई. तयार कपडे मिळतात तसे झगे तेव्हा मिळत नसत. जेन ऑस्टिनने 1798 च्या डिसेंबरात बहिणीला लिहिलेल्या पत्रात नव्या झग्याचे काय करावे हे ठरत नाही, अशा वस्तू तयार विकत मिळत्या तर बरे झाले असते, असे वैतागून म्हटले आहे. शिवणारी बाई अस्तराचे कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्यांनी बसवून बेते, किंवा नीट बसणारा जुना झगा समोर ठेवून त्यावरून नवा कापे. फॅशनचित्र तिच्यासाठी आराखडा नव्हता, इशारा होता. यंदा बाही लांब आहे, काठाला दोन झालरी आहेत, गळा चौकोनी आहे, एवढेच तिला हवे असे. उरलेले तिला येत होते. जे सर्वांना येते ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि दोनशे वर्षांनी आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

घरी शिवण होतच नसे असे मात्र नाही. अंगालगतचे सुती-तागाचे कपडे, पुरुषांचे सदरे, बाळांची कपडालत्ता हे घरच्या बायकाच शिवत. ऑस्टिन स्वतः भावांचे सदरे शिवी आणि सगळ्या जणींत आपले टाके सर्वांत नीटस आहेत, असे तिने अभिमानाने कळवले आहे. (कादंबऱ्यांविषयी ती इतके मोकळेपणाने बोलताना क्वचित दिसते.) 1808 मध्ये लंडनला 'द लेडीज इकॉनॉमिकल असिस्टंट' नावाचे पुस्तक निघाले. लेखिकेचे नाव नाही, नुसते 'एक बाई'. त्यात पूर्ण मापाचे कागदी नमुने घडी घालून दिलेले होते. पण ते बाळांच्या झबल्यांचे, सदऱ्यांचे, गरिबांना वाटायच्या कपड्यांचे. आकरमानच्या चित्रातला झगा शिवायचा तर ते पुस्तक उपयोगाचे नव्हते.

मग मी काय केले? जे आज जगभरातले हौशी शिवणारे करतात तेच. जॅनेट अर्नोल्ड यांचे 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' उघडले. 1964 मध्ये निघालेले हे पुस्तक शिवणीच्या इतिहासात एक मोठे वळण आहे. अर्नोल्डबाई संग्रहालयांत जाऊन जुने झगे मोजत, आतून-बाहेरून उलटून पाहत, आणि प्रत्येक तुकडा चौकटींच्या कागदावर एक-अष्टमांश मापात काढत. चित्रात नसलेली पाठ पहिल्यांदा इतक्या बारकाईने कागदावर आली ती अशा कामातून. इतिहासाचा पुरावा उलटा करून आतून पाहायचा असतो, हे मला पद्धतिशास्त्राच्या तासापेक्षा त्या आकृत्यांनी अधिक शिकवले. हँपशरमध्ये एक तपकिरी रेशमी कोट जपून ठेवलेला आहे, तो ऑस्टिनचा असल्याचे मानले जाते. हिलरी डेव्हिडसन यांनी त्याची प्रत शिवली आणि 2015 मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मापांवरून तो घालणारी स्त्री उंच आणि सडपातळ होती असे दिसते. लेखिकेचे विश्वसनीय चित्र जवळजवळ नाही, आणि तिच्या बांध्याविषयी एक कोट बोलतो!

कापड घ्यायला लक्ष्मी रोडवर गेले. मलमल मागितली तर दुकानदारांनी विचारले, "अस्तराला हवी ना?" त्यांची काही चूक नाही. मलमलीचा आज तोच उपयोग उरला आहे. पण ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबे'मधला नायक बहिणीसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल पाच शिलिंग वार या भावाने मिळवल्याची फुशारकी मारतो, आणि ऐकणारी बाई थक्क होते. ती मलमल बंगालची. तिच्यातली सर्वांत तलम ढाक्याची. मेघनेच्या काठी होणाऱ्या एका खास कापसाची. सूत कातणाऱ्या बहुतेक तरुण स्त्रिया असत आणि हवा दमट असताना, पहाटे किंवा दिवस कलताना कातत, कारण कोरड्या हवेत इतका बारीक धागा तुटतो. इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टनच्या 'म्यूल' यंत्राने 1779 नंतर बारीक सूत निघू लागले आणि ग्लासगो, पेझ्ली, बोल्टन इथे मलमल विणली जाऊ लागली. हिंदुस्थानी मालावर इंग्लंडात जबर जकात होती. 1817 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ढाक्याची आपली वखार बंद केली. तेव्हा माझ्या चित्रातल्या बाईने नेसलेले पांढरे कापड ढाक्याचे की पेझ्लीचे? चित्र सांगत नाही. ढाक्याचे असेल तर ते विणणाऱ्यांचा धंदा त्याच वर्षांत बसत होता. पेझ्लीचे असेल तर त्याचा कापूस बहुधा अटलांटिकपलीकडच्या मळ्यांत गुलामांनी वेचलेला. आकरमानच्या चित्रांत पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. त्या जागी रंगवणाऱ्याला काहीच करावे लागत नसे.

मांजरपाटाचा कच्चा नमुना आधी शिवून पाहिला. गंमत म्हणजे अमेरिकेत अशा कच्च्या नमुन्याला आजही 'मस्लिन', म्हणजे मलमल, असेच म्हणतात. पहिला नमुना साफ फसला. पुस्तकातली पाठ मला फारच अरुंद वाटली, छपाईची चूक असेल म्हणून मी दोन्हीकडे इंच-इंच वाढवले, आणि झगा खांद्यांवरून घसरू लागला. आजीने तो माझ्या अंगावर पाहिला आणि काही न बोलता माझ्या पाठीवर दोन्हीकडे चिमटीत कापड धरले. बरोबर इंच-इंच.

खरा झगा मी हाताने शिवला, कारण 1811 मध्ये शिवणयंत्र नव्हते. आजीला हे अजिबात पटले नाही. "यंत्र डोळ्यासमोर असताना हातानं? अगं, हातशिलाईचे डोळे गेले म्हणून तर यंत्र घेतलं होतं." तिच्या आईचे डोळे, असे तिला म्हणायचे होते. मी एकोणीस संध्याकाळी बसले. धावदोरा, उलटा टाका, काठाला तुरपाई. अकराव्या दिवशी मान धरली. तोवर हौशी शिवणकामाचे जे रम्य चित्र मनात होते, लाकडी फ्रेम, कपभर चहा, मागे व्हायोलिन, ते कुठल्या कुठे गेले. 1995 च्या बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'नंतर असे झगे शिवणाऱ्यांची मोठी लाट आली. अलीकडे 'ब्रिजर्टन'ने आणखी एक आणली. त्यांना मी हसत नाही, मीही त्यांतलीच. पण आपण हे सुट्टीच्या संध्याकाळी करतो. लंडनच्या दुकानांसाठी टाके घालणाऱ्या मुली मोसमात रात्रीच्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात हेच करत.

एक सावधगिरीही इथे नोंदवते. आजीने चित्र 1811 च्या शिंपिणीसारखे वाचले, हे खरे. यावरून ती जणू त्या काळातली उरलेली कुणी आहे असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात तसे वाक्यही होते. ते मी खोडले. आजी आधुनिक बाई आहे. साठच्या दशकात ती नगरपालिकेच्या शिवणवर्गात शिकली, इंचाच्या फितीने मोजायला शिकली. तिचे यंत्र ज्या वंशातले त्याचे पेटंट आयझॅक सिंगरने 1851 मध्ये घेतले, आणि सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात पसरवली ती नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाने. फरक इतकाच, की 1863 मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली, तिथून पश्चिमेतले घरगुती शिवण हळूहळू कागदावर विसंबू लागले. आजीला तो कागद कधी लागला नाही. गिऱ्हाईक बाईला ती समोर उभी करी, सात मापे घेई, आणि खडूने थेट कापडावर बेते. मी कागदावरून शिकलेली. म्हणून मला पाठ दिसली नाही.

त्या सात मापांच्या वह्या होत्या. शाळेच्या, दोनशे पानी. प्रत्येक बाईचे नाव, तारीख, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, उंची, गळा. शेवटी 'माया', म्हणजे आत किती कापड जादा सोडले ते. लग्न ठरलेल्या मुलीला माया जास्त. काही पानांवर ब्लाउजपीसचा कातरलेला कोपरा टाचणीने लावलेला. हे पाहिले आणि मला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली बार्बरा जॉन्सनची वही आठवली. ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. 1746 पासून 1823 पर्यंत आपल्या कपड्यांचे तुकडे तिने एका जुन्या हिशेबाच्या वहीत लावले, प्रत्येकापाशी वार, भाव आणि साल लिहून. पोशाखाच्या अभ्यासकांसाठी ती वही म्हणजे सोन्याची खाण आहे. तिच्यावर मी पूर्वी एक धागा लिहिला होता, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

आजीच्या अशा चौदा वह्या होत्या. पाच सापडल्या. बाकीच्या चार वर्षांपूर्वी घराला रंग देताना रद्दीत गेल्या. गठ्ठे बांधायला मी होते. माझ्या हातांनीच सुतळी बांधली होती. त्याच सुट्टीत मी लॅपटॉपवर बार्बरा जॉन्सनची पाने मोठी करून बघत बसले होते, हेही मला नीट आठवते.

उरलेल्या पाचांचे फोटो आता मी काढते आहे. त्यातली बाईमाणसे हयात आहेत, त्यांच्या लेकीसुना गावात आहेत, म्हणून नावे आणि मापे इथे टाकणार नाही. कापडाचे कोपरे टाकीन. एकाच वहीत 1974 ते 1981 आहे. गळ्याची खोली कशी वाढत गेली आणि मग एका वर्षी अचानक कशी वर आली, ते त्यात दिसते. का, ते आजीला विचारायचे आहे.

चर्चासत्रात झगा उलटा करून टेबलावर ठेवला, अस्तर आणि शिवणी वर. त्याच प्राध्यापकांनी वाकून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हा सुलट कधी दाखवणार?" मी पाठ वर केली. आजीला फोटो पाठवायचे होते, तेही मैत्रिणीकडून मागूनच काढून घेतले. रात्री तिचा फोन आला. डाव्या मुंढ्याखाली एक चुणी पडली आहे, तिथली टीप उसवून पुन्हा घाल, माया आहे तिथे.